पुरातत्त्वाच्या पीएच.डी.साठी विभाग निवडताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुरातत्त्वात एम.ए. झालेल्या एका विद्यार्थिनीला पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून प्रवेशाची पत्रं जवळजवळ एकाच वेळी आली. पहिल्या विभागाचं नाव या विषयाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या प्रकरणांतच भेटतं. दुसरा इतका नवा, की तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिने काय निवडलं, कशाच्या आधारावर निवडलं आणि पुढच्या वर्षांत दोन्ही विभागांचं काय झालं, ते इथे मांडते आहे. एम.ए.ला मी तिची गाईड होते, त्यामुळे त्या काळातला बहुतेक पत्रव्यवहार माझ्या नजरेखालून गेलेला आहे. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. ती, ते विभाग आणि तिथली माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. इथे त्यांना जुना विभाग आणि नवा विभाग एवढंच म्हणते.

तिचा विषय पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे उत्खननात मिळणाऱ्या वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास. आगीत जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, तो हजारो वर्षं मातीत टिकतो. ती माती पाण्यात कालवली की जळके दाणे तरंगून वर येतात. ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेगळे काढायचे. या फ्लोटेशनच्या पद्धतीवर स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी १९६८ मध्ये लिहिलं आणि त्यानंतर ती झपाट्याने रूढ झाली. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने एका आद्यशेतकरी वस्तीतले नमुने तपासले होते. त्यात गहू आणि सातू थोडा, राळा, वरी, सावा अशी बारीक भरडधान्यंच जास्त. हा तपशील पुढे निर्णायक ठरला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

विभागाचं नाव कशावर उभं असतं

हे समजल्याशिवाय तिच्यापुढचा पेच कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबते.

पुरातत्त्वातल्या विभागांचं मोठेपण फार क्वचित इमारतीला किंवा विद्यापीठाच्या वयाला चिकटलेलं असतं. बहुतेकदा ते काही माणसांनी, एखाद्या लांबलेल्या उत्खननाने किंवा एखाद्या प्रयोगशाळेने मिळवलेलं असतं, आणि या तिन्हींचं आयुष्य वेगवेगळं असतं. माणसं सर्वात आधी हलतात. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड शिकागो विद्यापीठात १९६१ ते १९६५ एवढेच होते. पण ‘नवपुरातत्त्व’, म्हणजे पुरातत्त्वाला विज्ञानाच्या कसोट्या लावू पाहणारी त्या दशकातली विचारधारा, म्हटलं की आजही शिकागोचं नाव घेतलं जातं. प्रत्यक्षात बिनफर्ड पुढे न्यू मेक्सिकोत स्थिरावले, त्यांच्या तिथल्या विद्यार्थ्यांपैकी विल्यम लॉन्गेकर ॲरिझोनाला गेले, जेम्स हिल लॉस एंजेलिसला. ज्या वर्षांत शिकागोचं नाव सर्वदूर पोचत होतं, त्याच वर्षांत ते नाव कमावणारी मंडळी दुसऱ्या गावी वर्ग घेत होती. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू १९६५ ते १९७२ इंग्लंडमधल्या शेफील्डला, मग साउदॅम्प्टनला आणि १९८१ पासून केंब्रिजला. प्रत्येक ठिकाणी त्यांच्यामागे वेगळा वारसा राहिला.

प्रयोगशाळा आणि संग्रह मात्र माणसांपेक्षा सावकाश हलतात. ए. ई. डग्लस यांनी १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांच्या कालमापनाची, म्हणजे खोडातल्या वार्षिक वर्तुळांवरून लाकडाचं वय काढण्याची, प्रयोगशाळा सुरू केली. इतकी दशकं उलटली, माणसांच्या पिढ्या बदलल्या, तरी लाकडाचे ते नमुने तिथेच आहेत आणि त्या कामासाठी लोक आजही तिकडेच वळतात. आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. नेवासे, इनामगाव अशा उत्खननांतून तिथे शिकणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. इनामगावचं उत्खनन १९६८ मध्ये सुरू झालं आणि दशकाहून अधिक काळ चाललं. इतका काळ एकाच वस्तीवर काम केलं की विद्यार्थी खड्ड्यातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून परत खड्ड्यात जाऊ शकतो, त्याला स्वतःच्या चुका पुढच्याच हंगामात दिसतात. विभागाचं नाव होतं ते अशा गोष्टींमुळे.

आणखी एक बदल आहे, त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. या विषयातल्या काही सर्वात गाजलेल्या बातम्या आता पुरातत्त्व विभागांतून येतच नाहीत. २०१० मध्ये निअँडरथलचा जनुकसंच जाहीर झाला तो लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेच्या पुढाकाराने. प्राचीन डीएनएवरचं पुष्कळ काम हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातून होतं. इंग्लंडमध्ये १९९० नंतर नियोजनाच्या नियमांमुळे बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर पडू लागला आणि खोदकामाचा मोठा वाटा व्यावसायिक कंपन्यांकडे गेला. म्हणजे खोदकाम एका बाजूने निसटलं, प्रयोगशाळेतलं अत्याधुनिक काम दुसऱ्या बाजूने. विद्यापीठातल्या विभागाचं मोठेपण आता नेमकं कशात मोजायचं, हा प्रश्न खुद्द विभागांनाही सतावतो आहे.

आणि नाव असलं म्हणजे विभाग सुरक्षित, असंही नाही. शेफील्डच्या पुरातत्त्व विभागाचं नाव प्राचीन धान्य, प्राण्यांची हाडं आणि मानवी अस्थी यांच्या अभ्यासासाठी जगभर होतं. २०२१ मध्ये त्या विद्यापीठाने तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. देशोदेशीच्या अभ्यासकांनी निषेधाची पत्रं लिहिली, तरी निर्णय फिरला नाही.

अडचण

विद्यार्थिनीने ओळखीच्या बऱ्याच जणांना सल्ला विचारला. उत्तरं आली ती सल्ला देणाऱ्याच्या वयाप्रमाणे. साठीच्या पुढच्यांनी जुन्या विभागाबद्दल चर्चाच होऊ दिली नाही, “तिथून पत्र आलंय आणि तू विचारात पडलीस?” असाच सूर. पस्तिशीच्या आतल्यांपैकी बहुतेकांनी नव्या विभागाकडे बोट दाखवलं, कारण त्यांना अलीकडे वाचलेले उपयोगी शोधनिबंध तिथले आठवत होते. मधल्या वयाच्यांनी क्रमवारी पाहायला सांगितली.

तिने क्रमवाऱ्याही पाहिल्या. त्यातून काही हाती लागलं नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. विषयवार जागतिक क्रमवाऱ्यांमध्ये जगभरच्या प्राध्यापकांना विचारलेल्या मतांना मोठं वजन असतं. कुठला विभाग चांगला, असं विचारलं की माणूस आपल्या विद्यार्थिदशेत जे ऐकलं तेच सांगतो. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात जो उशीर आहे, तोच क्रमवारीत आकड्यांच्या रूपाने येतो. शिवाय क्रमवारी विभागाला एकच आकडा देते. रोमन शिल्पकला, अश्मयुगीन हत्यारं आणि जळके दाणे, सगळं त्या एका आकड्यात.

पण म्हणून नाव बाजूला सारावं असंही नव्हतं. तिने स्वतःच मला २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अमेरिकेतल्या प्राध्यापक-नेमणुकांचा अभ्यास दाखवला. अमेरिकेत पीएच.डी. करून तिथेच नेमले गेलेले जे अध्यापक, त्यांपैकी ऐंशी टक्के साधारण एक-पंचमांश विद्यापीठांतून आलेले. “मॅडम, नाव जुनं झालं असेल, पण नोकरी देणारे तेच नाव वाचणार ना?” हा तिचा प्रश्न रास्त होता. या प्रकरणातली खरी अडचण त्या प्रश्नात आहे. शिकायला कुठे मिळेल आणि पुढे दार कुठल्या नावाने उघडेल, या दोन प्रश्नांची उत्तरं एकच येतील याची खात्री नव्हती.

पर्याय

जुन्या विभागाची बाजू भक्कम होती. तिथल्या ज्येष्ठ प्राध्यापकांचं काम वाचूनच ती या विषयाकडे वळली होती. पण पत्रात पहिल्या वर्षापुरतीच पूर्ण फेलोशिप होती आणि पुढचं दरवर्षीच्या आढाव्यावर अवलंबून होतं.

नवा विभाग भूविज्ञानाच्या शाखेत, मोजक्या अध्यापकांवर चाललेला. तिथल्या तरुण गाईड मूळच्या जुन्याच विभागातून पीएच.डी. झालेल्या. संपूर्ण काळाची फेलोशिप, उत्खननाची चालू परवानगी आणि कार्बन-१४ कालमापनासाठी, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्यासाठी, एका प्रयोगशाळेशी करार. शेवटच्या गोष्टीचं महत्त्व तिच्या विषयात फार आहे. १९७०च्या दशकाअखेर त्वरकयंत्राच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने कालमापन होऊ लागलं, तेव्हापासून एका दाण्याचं थेट वय काढता येतं. दाणा वरच्या थरातून उंदराच्या बिळावाटे खाली घसरलेला आहे की खरोखर त्याच थराचा, हा वाद त्याने मिटतो. अशा कालमापनाचा खर्च उचलायला कुणी नसेल, तर प्रबंधातला मुख्य दावाच लटकतो.

तिसरा पर्याय एका जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा होता, प्राचीन पिकांच्या डीएनएवर काम करण्याचा. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही तिथे सर्वात जास्त. तो तिने लवकर सोडला. जळून कोळसा झालेल्या दाण्यात डीएनए क्वचितच टिकतो, त्यामुळे तिचं स्वतःचं साहित्य तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरलं असतं. माझ्या मते हा निर्णय अचूक होता, आणि त्याला फार वेळ लागला नाही हेही चांगलं झालं.

पहिला निर्णयबिंदू: निवृत्तीबद्दल विचारावं का

जुन्या विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक किती वर्षांत निवृत्त होणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांना थेट विचारणं तिला उद्धट वाटत होतं. पंधरवडाभर ती पत्राचा मसुदा लिहीत आणि खोडत राहिली. शेवटी प्रश्न वयाबद्दल न ठेवता कामाबद्दल ठेवला: माझा प्रबंध पूर्ण होईपर्यंत आपण गाईड असाल का, आणि नसाल तर विभागात या विषयाचं पद भरलं जाईल का?

उत्तर दोन दिवसांत आलं आणि ते अतिशय सरळ होतं. तीन वर्षांनी ते निवृत्त होणार होते. पदाबद्दल विद्यापीठाने काही ठरवलं नव्हतं. लॅब असिस्टंटची जागा आधीपासूनच रिकामी होती. माझ्या नावावर जाऊ नका, येऊन प्रयोगशाळा पाहा आणि मग ठरवा, असंही त्यांनी लिहिलं होतं. ज्यांच्या नावावर विभाग उभा आहे तेच असं लिहितात, हे मला फार मोठेपणाचं वाटलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही माहिती गुप्त नव्हती, विचारलं असतं तर कुणीही सांगितली असती. इतक्या वर्षांत कुणी अर्जदाराने हे विचारलं नव्हतं, असं त्यांनीच नंतर तिला सांगितलं.

दुसरा निर्णयबिंदू: प्रबंधांची यादी

तिने दोन्ही विभागांतून अलीकडे पूर्ण झालेल्या प्रबंधांच्या याद्या काढल्या. शीर्षकांवरून फारसं कळेना. मग मी तिला आभाराची पानं वाचायला सुचवलं. प्रबंधात आभाराचं पान इतकं औपचारिक मानलं जातं की ते कुणी वाचत नाही, पण दाणे ओळखायला कुणी शिकवलं, कालमापनाचा खर्च कुणी केला, कुणाच्या संग्रहाशी ताडून पाहिलं, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

जुन्या विभागाच्या ताज्या प्रबंधांत ज्येष्ठ प्राध्यापकांचे आभार सन्मानाने मानलेले होते, पण ओळख पटवण्याच्या कामासाठी इतर विद्यापीठांतल्या माणसांचे. म्हणजे विद्यार्थी नावाला जुन्या विभागाचे आणि हाताने दुसरीकडे शिकलेले. त्यातल्या एकीने नव्या विभागातल्या तरुण गाईडचे आभार मानले होते.

नव्या विभागाची यादी छोटी होती आणि तीही पूर्ण समाधान देणारी नव्हती. एक विद्यार्थी अर्ध्यातून सोडून गेला होता. त्याला तिने पत्र लिहिलं. घरच्या कारणाने सोडलं, असं त्याने कळवलं, पण गाईड एकट्याच असल्याने त्या क्षेत्रकामाला गेल्या की दोन-तीन महिने विचारायला कुणी नसतं, हेही सांगितलं. अशी माहिती विभागाच्या माहितीपत्रकात कधीच मिळणार नाही.

तिसरा निर्णयबिंदू: कपाटं

दोन्ही प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. प्रवासाच्या खर्चाला नव्या विभागाने मदत केली, जुन्याने नियम नसल्याचं कळवलं.

पुरावनस्पतिशास्त्रात संदर्भसंग्रह म्हणजे सर्वस्व. आजच्या वनस्पतींची खात्रीने ओळखलेली बियाणं छोट्या काचेच्या नळ्यांत ठेवलेली असतात आणि उत्खननातला दाणा त्यांच्याशेजारी ठेवून पाहायचा असतो. जुन्या विभागातला संग्रह पाहून ती अवाक झाली. भिंतभर लाकडी कप्पे, प्रत्येक नळीवर शाईने लिहिलेली चिठ्ठी: वनस्पतीचं नाव, कुठून गोळा केली, कुणी, कधी. गव्हाच्या रानटी आणि लागवडीच्या जातींचे कप्पेच्या कप्पे. सातूचेही तसेच. ओंबीचे तुकडे, तूस, दांड्याच्या गाठी, सगळं वेगवेगळं ठेवलेलं. मग तिने भरडधान्यांचा कप्पा मागितला. त्यात थोड्याच नळ्या होत्या, त्यातही राळा आणि रानटी राळा एकाच नळीत मिसळलेला आणि सावा नव्हताच.

यात त्या विभागाचा दोष नाही. त्यांचं नाव झालं ते पश्चिम आशियातल्या पहिल्या शेतीच्या अभ्यासातून, आणि तिथलं पीक गहू आणि सातू. संग्रह त्या प्रश्नासाठी बांधलेला होता आणि त्या प्रश्नासाठी तो आजही अव्वल आहे. तिचा प्रश्न वेगळा होता.

नव्या विभागात एकच कपाट. पण त्यातले निम्म्याहून अधिक कप्पे भरडधान्यांचे, आणि त्यात एक कप्पा असा की तो पाहून ती तिथेच खुर्ची ओढून बसली. राळा, वरी, सावा आणि कोद्रा यांचे दाणे मुद्दाम भट्टीत जाळून ठेवलेले. प्रत्येक नळीवर तापमान आणि किती वेळ जाळलं ते लिहिलेलं, काही सालीसकट, काही सोललेले. भरडधान्याचा दाणा जळताना फुगतो, अंकुराच्या जागी खळगा पडतो आणि आकार बदलतो. राळ्याचा अंकुर लांब आणि अरुंद, वरीचा आखूड आणि पसरट, हे ताज्या दाण्यात सहज दिसतं. जळक्या दाण्यात मात्र दोन्ही खळगे सारखेच भासू शकतात. एम.ए.च्या प्रबंधात याच कारणाने तिला पुष्कळ दाण्यांपुढे ‘अनिश्चित’ लिहावं लागलं होतं. त्या दुपारी तिने सोबत नेलेल्या छायाचित्रांशी नळ्या ताडून पाहिल्या आणि त्यातल्या काही दाण्यांची नावं तिथल्या तिथे लागली.

परतल्यावर तिने मला फोन केला तेव्हा विभागाचं नाव एकदाही घेतलं नाही. कप्प्यांबद्दलच बोलत होती.

काय केलं

तिने नवा विभाग निवडला, पण जुन्याला नुसता नकार कळवला नाही. तिने ज्येष्ठ प्राध्यापकांना आपला अनुभव लिहिला आणि सहमार्गदर्शक होण्याची विनंती केली. नव्या विभागातल्या गाईड त्यांच्याच विद्यार्थिनी असल्याने हे सोपं गेलं. ठरलं ते असं: दरवर्षी काही आठवडे ती जुन्या विभागात जाऊन गहू-सातूचा भाग तिथल्या संग्रहावर तपासेल आणि बदल्यात भरडधान्यांचा तिथला कप्पा लावून देईल. गाईड क्षेत्रकामाला गेल्यावर विचारायला कुणी नाही, ही नव्या विभागातली उणीव बऱ्याच अंशी या व्यवस्थेने भरून निघाली.

या व्यवस्थेवर विद्यापीठांमध्ये लेखी करार झाला नाही, ती पत्रांवरच चालली. याचा परिणाम पुढे दिसला.

काय झालं

पहिली दोन वर्षं ठरल्याप्रमाणे गेली. तिसऱ्या वर्षी नव्या विभागाच्या विद्यापीठाने छोटे विभाग एकत्र केले आणि ‘पुरातत्त्व’ हा शब्द विभागाच्या पाटीवरून गेला. प्रयोगशाळा, कपाट, गाईड सगळं जागेवर राहिलं, काम थांबलं नाही. पण पदवी आता भूविज्ञान शाखेच्या नावाने मिळणार होती. ज्या देशांत सरकारी पुरातत्त्व खात्यातल्या पदासाठी पदवीवर त्याच विषयाचं नाव लागतं, तिथे ही साधी बाब नाही. तिच्याकडे एम.ए.ची पुरातत्त्वाची पदवी होती म्हणून निभावलं. तिच्यामागून आलेल्या, भूविज्ञानात एम.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याला मात्र हीच गोष्ट आडवी आली.

जुन्या विभागाची गोष्ट वेगळ्याच दिशेने गेली. ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले आणि पद वर्षभर रिकामं राहिलं. मग विद्यापीठाने तिथे दोन तरुण अध्यापक घेतले, दोघंही जळक्या दाण्यांतल्या स्थिर समस्थानिकांवर, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावर, काम करणारे. शेतात खत घातलं होतं का, पाणी किती मिळालं होतं, असे प्रश्न त्या पद्धतीने सोडवता येतात. त्यासाठी भरपूर आणि नीट ओळखलेला गहू-सातू हवा असतो, आणि तो त्या लाकडी कप्प्यांच्या आधाराने काम केलेल्या माणसांकडे होताच. आज त्या विभागाचं नाव पुन्हा घेतलं जातं, पण कारण बदललेलं आहे. तिने अर्ज केला त्या वर्षी हे कुणालाही सांगता आलं नसतं.

सहमार्गदर्शनाची व्यवस्था निवृत्तीनंतर डळमळली. पत्रांवर चाललेली सोय नव्या प्रमुखांवर बंधनकारक नव्हती. प्रयोगशाळेत बसायला परवानगी मिळाली, पण निवासाचा खर्च बंद झाला. शेवटच्या टप्प्यातली गहू-सातूची तपासणी तिने आखडती घेतली आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलं. भरडधान्यांचा भाग मात्र परीक्षकांनी विशेष वाखाणला. एम.ए.च्या वेळी ‘अनिश्चित’ राहिलेल्या दाण्यांपैकी बहुतेकांची ओळख पटली आणि निवडक दाण्यांचं थेट कालमापन झाल्याने त्या वस्तीत राळ्याची लागवड कधी सुरू झाली हे ठामपणे मांडता आलं.

नोकरीच्या बाबतीत तिची जुनी शंका खरी ठरली. सुरुवातीच्या अर्जांना उत्तरंही आली नाहीत. एका निवड समितीतल्या ओळखीच्या माणसाकडून कळलं, की विभागाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला गेला. पुढे एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं गेलं, आणि बोलावणाऱ्यांनी पत्रातच लिहिलं होतं की निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापकांच्या शिफारशीमुळे अर्ज बारकाईने वाचला गेला. म्हणजे दार उघडलं ते जुन्या नावानेच. मुलाखतीत मात्र प्रश्न सगळे भट्टीत जाळलेल्या दाण्यांवर आले. सध्या ती मुदतीच्या करारावर एक प्रयोगशाळा सांभाळते आहे. कायम पद अजून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

विभागाची निवड बरोबर होती असं माझं मत आहे आणि तिचंही. जुन्या विभागात गेली असती तर तिसऱ्या वर्षी गाईड नसलेली, फेलोशिपची खात्री नसलेली आणि सावा नसलेल्या कप्प्यापुढे बसलेली विद्यार्थिनी झाली असती. नवे अध्यापक आले तोवर तिची मुदत संपत आली असती. सुधारणा निवडीत नाही, निवडीच्या आसपासच्या व्यवस्थेत करता आल्या असत्या.

सहमार्गदर्शनाचा करार प्रवेशाआधी लेखी व्हायला हवा होता, व्यक्तींमध्ये नव्हे तर विभागांमध्ये. त्या वेळी दोन्हीकडची माणसं उत्साहात होती, एका पानाचा करार सहज झाला असता. निवृत्तीची तारीख माहीत असताना तर तो टाळायला नकोच होता.

पदवीवर कुठल्या शाखेचं नाव येणार आणि विभाग विलीन झाला तर ते बदलणार का, हा प्रश्न नव्या विभागाला विचारला गेला नाही. छोटा विभाग मोठ्या शाखेच्या पोटात असला की हा धोका असतोच. विद्यापीठं असं आश्वासन देत नाहीत हे खरं, पण विचारल्यावर उत्तर कसं टाळलं जातं त्यावरूनही पुष्कळ कळतं.

शोधनिबंधांच्या बाबतीतही घाई करायला हरकत नव्हती. ज्येष्ठ प्राध्यापक पदावर असताना त्यांच्यासोबत एखादा संयुक्त निबंध आला असता, तर पहिल्या चाळणीत अर्ज बाजूला पडण्याची शक्यता कमी झाली असती. ती भरडधान्यांचं काम पूर्ण झाल्यावरच छापायचं म्हणून थांबली. अभ्यासक म्हणून तो निर्णय मला आदरणीय वाटतो, पण अनोळखी विभागातल्या विद्यार्थ्याला असं थांबणं महाग पडतं आणि ते त्याला वेळेवर कुणीतरी सांगायला हवं.

एक प्रश्न मात्र माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. जुन्या विभागाचं नाव पुन्हा वर येईल याची खूण त्या भेटीत दिसायला हवी होती का? संग्रह उत्तम स्थितीत होता, चिठ्ठ्या वाचता येत होत्या, नोंदवही पूर्ण होती. इतका नीट ठेवलेला संग्रह नव्या माणसांना ओढून घेतो, असं आता म्हणता येतं. पण पद भरलं गेलं नसतं तर तेच कप्पे कुठल्यातरी तळघरात गेले असते, आणि अशीही उदाहरणं आहेत. म्हणून विभागाचा अंदाज बांधताना संग्रहाइतकंच रिकाम्या पदांकडे पाहायला मी आता विद्यार्थ्यांना सांगते: किती रिकामी, केव्हापासून, आणि जाहिरात निघाली आहे का.

तिच्या प्रयोगशाळेत काम करू इच्छिणारे विद्यार्थी आता तिला लिहितात. उत्तरासोबत ती अलीकडच्या प्रबंधांची यादी, ते विद्यार्थी सध्या कुठे आहेत ते आणि संग्रहात कुठल्या पिकांचे कप्पे भरलेले, कुठले रिकामे, याची नोंद पाठवते. तिचा स्वतःचा करार कधी संपतो, तेही त्यात लिहिलेलं असतं.